वरनं काय लावलंय?

काथोड मास्तर कोणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याच्या शर्टाची कड चिमटीत धरतात. कापड अंगठा आणि तर्जनीत दोनदा चोळतात, जमलं तर कानाजवळ नेतात, आणि निकाल देतात. "कांजी गेली." किंवा, "सूत बरा हाय, कांजी लई." मग नमस्कार.

हा विधी त्यांनी तलाठ्यावर केला आहे, बँकेच्या मॅनेजरवर केला आहे आणि एकदा मत मागायला आलेल्या उमेदवारावर, फोटोग्राफरच्या देखत केला आहे. उमेदवाराचा झब्बा कडक होता. मास्तरांनी बाही चोळून विचारलं, "वरनं काय लावलंय?" उमेदवाराने अत्तराचं नाव सांगितलं.

"अत्तर न्हाय," मास्तर म्हणाले. "धुतल्यावर काय उरंल, त्ये इचारतो."

भिवंडीजवळच्या शेलार गावात मास्तरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सात वर्षं भाडेकरू आहे. जिल्ह्यातल्या एका दैनिकाला भिवंडीच्या बातम्या पाठवतो. खोली बघायला आलो त्या दिवशी माझीही बाही चोळून झाली. "पत्रकार," मास्तर घरात बघून ओरडले, "सूत बारीक, कांजी न्हायच!" आतून बायकी आवाज आला, "मंग भिजवू नका त्याला, बसवा!" तो आवाज मी त्यानंतर वर्षभरच ऐकला.

मास्तर चाळीस वर्षं नारपोलीच्या एका सायझिंगमध्ये होते. लूमवर चढण्याआधी सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर धक्के खाऊन ते तुटतं. भिवंडीत या खळीला कांजी म्हणतात आणि जिथे ती पाजतात त्या कारखान्याला सायझिंग. कांजी कुकरमध्ये शिजते, हजारो धागे तिच्यातून जातात, वाळतात आणि बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळले जातात. कांजी म्हणजे अन्न, आणि अन्न म्हटलं की बुरशी आली. दमट दिवसांत बीम पडून राहिला तर आतून काळे ठिपके धरतो. म्हणून कांजीत थोडं मोरचूद, बुरशी मारणारं निळं विष, टाकतात. किती, हे प्रत्येक मास्तराचं गुपित. काथोड मास्तरांच्या बीमला चाळीस वर्षांत बुरशी लागली नाही. हे ते स्वतः सांगतात आणि त्यांचा शेठही सांगतो, तेव्हा खरं धरायला हरकत नाही.

एवढी वर्षं धाग्याला लेप लावल्यावर माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. मास्तरांच्या मते वस्तू दोनच प्रकारच्या: वरनं काही लावलेल्या आणि न लावलेल्या. फ्रिजच्या दुकानात त्यांनी नख मारून दार तपासलं, तेव्हा दुकानदाराने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. भाचीच्या लग्नपत्रिकेचा चकचकीत थर त्यांनी इतका तपासला की नवऱ्या मुलाचं आडनाव निघून आलं. माणसांनाही तोच नियम. सरपंच: "कांजी हाय, सूत न्हाय." एक कीर्तनकार: "दोनदा पाजलेला."

ठमाबाईंना मात्र त्यांनी कुठल्याच प्रकारात टाकलं नव्हतं.

ठमाबाई त्यांच्या पत्नी, आणि पंचक्रोशीतल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाचा मान नंतरचा. आधी धवलारीण बाई बसते आणि धवले गात लग्न लावते. हळदीचे वेगळे, मांडवाचे वेगळे, मुलगी उठवायचे वेगळे. ठमाबाईंना ते सगळे तोंडपाठ होते. लिहिता येत नव्हतं. त्यांचा आवाज शेलारच्या वेशीवरून खाडीपर्यंत जातो असं लोक म्हणत; मी खात्री केलेली नाही. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. मिश्रीचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांची स्वरपेटी काढली. गळ्याला पुढून श्वासाचं भोक राहिलं.

वर्षभर त्या गप्प होत्या. मग डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत सिलिकॉनचा एक व्हॉल्व्ह बसवला. गळ्याच्या भोकावर अंगठा दाबला की हवा त्यातून वर जाते आणि बोलता येतं. आवाज घोगरा, पुरुषी, पाण्याखालून आल्यासारखा. ठमाबाईंनी अंगठा दाबून काढलेलं पहिलं वाक्य असं: "आयुष्यभर कागदाला अंगठा लावला, आता गल्याला." दुसरं मास्तरांना उद्देशून होतं आणि छापण्यासारखं नव्हतं. मास्तर त्या दिवशी गल्लीत पेढे वाटत फिरले.

व्हॉल्व्हला घरात 'वाल' म्हणत. त्यातून व्हायचा तो घोटाळा झालाच. तीन महिन्यांनी मास्तर ओट्यावर बसून शेजारणीला म्हणाले, "वालाला बुरशी लागली."

"उन्हात घाला," शेजारीण म्हणाली. "कडवे का गोडे?"

ही बुरशी खरी होती. ठमाबाई चहा प्यायल्या की ठसका लागायचा. झडप नीट मिटत नव्हती आणि चहा श्वासनलिकेत उतरत होता. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी वाल काढून बशीत ठेवला. शर्टाच्या बटणाएवढा, आणि झडपेवर करडे-पांढरे ठिपके. मी बरोबर गेलो होतो, कारण मास्तरांना रुग्णालयातले इंग्रजी फलक वाचायला माणूस लागायचा.

"ही बुरशी नुसती वर बसत नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "स्वतःचाच चिकट थर करते आणि त्यात राहते. औषध वरच्या थराला लागतं, आतली जिवंत राहते."

मास्तरांनी बशी उजेडात धरली. "वलखीची हाय," ते म्हणाले. "वालाला वरनं काय लावलंय?"

"काही नाही. सिलिकॉनच आहे."

"कायच न्हाय?"

"लेप लावलेले निघतात काही, बाहेरच्या देशांत. आपल्याकडे सहज मिळत नाहीत. संशोधन चालू आहे."

परत येताना कल्याण फाट्यावर मास्तरांनी माझी बाही धरली. मग म्हणाले, "लुंगीच्या सुताला लेप. बाईच्या गल्यात घालायच्या चिजंला कायच न्हाय. कोन मास्तर हाय हो त्यांचा?"

दुसरा वाल अडीच महिने टिकला. त्याच सुमारास नातीचं, मुलाच्या मुलीचं, लग्न ठरलं. प्राजक्ताने आजीच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, "आजी, माझं लग्न तूच लावायचं. आवाज कसाही असू दे." दापोड्याच्या सासरच्यांनी डीजे आणि भटजी दोन्ही ठरवले होते. बोलणी होऊन धवल्यांना अर्धा तास मिळाला. लग्नाला चार महिने होते. नुकताच बसवलेला तिसरा वाल चार महिने टिकला पाहिजे, एवढं एकच काम मास्तरांच्या आयुष्यात उरलं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून जुने वाल मागून घेतले, ब्लेडने त्यांचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला सूत बांधलं आणि गोड कांजी भरलेल्या बरण्यांत सोडले. खिडकीत बरण्यांची रांग लागली. एका तुकड्याला मेण, एकाला खोबरेल, एकाला कडुनिंबाचं तेल, एकाला हळद, एकाला मोरचूद. रोज सकाळी मास्तर भिंग घेऊन ठिपके मोजत. मीटर बघायला आलेल्या माणसाने एकदा "काका, लोणचं मस्त मुरलंय" असं म्हणून झाकण उघडलं. तो त्यानंतर रस्त्यावरूनच रीडिंग घेतो.

मला इंटरनेटवरचे शोधनिबंध वाचून सांगावे लागत. त्यातला निम्मा भाग मला कळत नसे, मास्तरांना कळे. दोन पद्धती आहेत, मी सांगितलं. एका लेपात बुरशी मारणारं औषध असतं. दुसरा लेप मारत नाही, इतका निसरडा असतो की बुरशीला चिकटताच येत नाही.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे पाव्हन्याला मारायचा न्हाय. बसायला पाट द्यायचा न्हाय."

"असंच काहीसं."

"हुशार हाय कोनतरी," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या लेपाला दिलेली ही पहिली दाद.

त्या कोणातरीला भेटायला आम्ही मुंबईच्या एका संस्थेत गेलो. प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी मास्तरांना बाही चोळू दिली, चहा दिला आणि काचेच्या दोन तबकड्या दाखवल्या. एकीत साधं सिलिकॉन, त्यावर बुरशीची साय. दुसरीत लेप दिलेलं, लख्ख. मास्तरांनी दुसरी तबकडी दोन्ही हातांत घेतली.

"ही मना द्या."

"ही माणसात घालायची नाही, काका. आधी प्राण्यांवर चाचण्या, मग माणसांवर, मग परवानग्या. शिवाय असा वाल लागणारे पेशंट थोडे. कंपन्यांना त्यात रस नसतो."

"किती दिस लागतील?"

"दिवस नाही. वर्षं."

"माझ्या बीमला बुरशी लागली असती तर शेठनी मना दुसऱ्या दिवशी काढला असता," मास्तर म्हणाले. "तुमच्यात कोनाला काढतात?"

प्राध्यापक मनापासून हसले. त्यांनी मास्तरांबरोबर फोटो काढून घेतला. मास्तरांनी पिशवीतून नेलेली मोरचुदाची बरणी बघायला मात्र त्यांना वेळ नव्हता. त्या बरणीतल्या तुकड्यावर चाळीस दिवसांत एक ठिपका आला नव्हता.

पुढचं मी लिहिलं. आतल्या पानावर, अर्धा कॉलम: भिवंडीचे सायझिंग मास्तर करतात वैद्यकीय लेपावर प्रयोग. मी गमतीच्या अंगाने लिहिलं होतं. डेस्कने गंमत काढली आणि 'संशोधन' हा शब्द मथळ्यात टाकला. आठवड्याभरात एका मंडळाने मास्तरांचा सत्कार केला. शाल हातात पडताच मास्तरांनी ती चोळली आणि माइकवर म्हणाले, "खोटी कांजी हाय." टाळ्या पडल्या. कात्रण चौकटीत जाऊन देव्हाऱ्याशेजारी लागलं. ठमाबाईंना वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते बोटाने दाखवत.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा वाल पुन्हा गळायला लागला. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. नवा वाल मिळायला महिना लागेल असं दुसऱ्या डॉक्टरांनी कळवलं. ठमाबाई पाण्याच्या घोटाला खोकत होत्या. बोलताना मधली अक्षरं गळून पडत होती.

वाल साफ करायला एक बारीक ब्रश असतो. गळ्याच्या भोकातून आत घालून तो फिरवावा लागतो. मास्तरांनी ब्रश आणि मोरचुदाचं पाणी पुढ्यात ठेवलं आणि बसून राहिले. मी तिथे होतो. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारा. तेही "इचारायला पायजे" म्हणाले. ठमाबाईंनी अंगठा दाबला.

"लावा. तुमची कांजी कदी फुटली हाय? पेपरात बी आलंय."

तीन दिवस, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी गळा आतून सुजला आणि उलट्या थांबेनात. रुग्णालयात वाल काढावा लागला. भोवतालचं मांस इतकं पोळलं होतं की तिथे दुसरा बसवणं शक्य नव्हतं. भोक बुजू द्यायचं ठरलं. श्वासाचं राहिलं, आवाजाचं गेलं. डॉक्टरीणबाई रजेवरून आल्या आणि त्यांनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं की बुरशीने ती जागा आधीच सैल केली होती, वाल आज ना उद्या काढावाच लागला असता. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज, का उद्या?" 

घरी आल्यावर मास्तरांनी बरण्या मोरीत ओतल्या. कात्रण उतरवलं. आणखी एक गोष्ट केली, ती माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांनी ठमाबाईंच्या तोंडाकडे बघणं सोडलं.

याचा अर्थ समजायला सायझिंग आणि लूमचे कारखाने बघावे लागतात. तिथल्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. जुनी माणसं ओठांवरून वाचतात. शेडच्या या टोकाचा मास्तर त्या टोकाच्या माणसाची शिवी बिनचूक ओळखतो. शस्त्रक्रियेनंतरच्या त्या मुक्या वर्षात ठमाबाई ओठ हलवत आणि मास्तर उत्तर देत. त्या घरात संवाद कधी थांबलाच नव्हता. तो आता थांबला. ठमाबाई समोर येऊन बसत, ओठ हलवत, आणि मास्तर ताटाकडे, भिंतीकडे, दाराबाहेर बघत. त्या खांद्याला धरून हलवत तरी ते मान वळवत नसत. ठमाबाईंना लिहिता येत नव्हतं. जे काही सांगायचं होतं ते सांगायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मला ओठ वाचता येत नाहीत. मी एकदा प्रयत्न केला; ठमाबाईंनी कंटाळून हात उडवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी प्राजक्ताने आजोबांना गाठलं. ती नोकरी करणारी, सरळ बोलणारी मुलगी आहे.

"आजोबा, आजी बसणार. ती ओठ हलवेल, तुम्ही म्हणायचं."

"धवला बाप्या मानूस म्हनत न्हाय."

"मग कोण म्हणणार? तिचे ओठ आणखी कोणाला वाचता येतात?"

मास्तर स्वतःच्याच शर्टाची कड चोळू लागले.

"मी दुसऱ्या बाईला बोलावणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर नुसताच डीजे."

लग्न दापोड्याला, दोन गोदामांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं. अर्ध्या तासासाठी डीजे बंद झाला. ठमाबाई हिरवं लुगडं नेसून, गळ्यावर पांढरा रुमाल बांधून पाटावर बसल्या. मास्तर त्यांच्या समोर. ओठ दिसायचे तर तोंड तिकडेच करायला हवं, म्हणून नवरा-नवरीकडे त्यांची पाठ. एकाने माइक आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मान वर केली आणि रुग्णालयातून आल्यापासून पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

धवल्याची रीत अशी की धवलारीण एक ओळ सोडते आणि भोवतीच्या बायका ती उचलून पुन्हा म्हणतात. ठमाबाईंचे ओठ हलले. मास्तरांनी ओळ सोडली. चाल नाही, सूर नाही. कुकरपाशी उभं राहून वाफ कमी करायला सांगावी तशी. बायकांत खसखस पिकली. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. सासरकडच्या पोरांनी मोबाईल वर धरले आणि कोणीतरी "मास्तरीणबाई!" अशी हाक मारली. मास्तरांच्या डोळ्यांची पापणी हलली नाही. दुसरी ओळ. तिसरी. चौथ्या ओळीला बायकांनी ती उचलली आणि त्यांच्या तोंडी गेल्यावर तिला चाल आली. मग हसणं हळूहळू थांबलं. हळदीचे झाले, मांडवाचे झाले. ठमाबाईंचे ओठ भराभर हलत होते, मास्तर एक अक्षर न चुकता सोडत होते, बायका गात होत्या, आणि प्राजक्ता खाली मान घालून रडत होती.

मुलगी उठवायच्या धवल्याला ठमाबाई मध्येच थांबल्या. श्वास घेतला. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले, या वेळी सावकाश.

मास्तर लयीत होते. त्यांनी जे वाचलं ते त्याच सपाट, मोठ्या आवाजात माइकवर सोडलं.

"तुमचा काय दोष न्हाय."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माइक हातात खाली आला.

बायकांनी ओळ उचलली. तीस-चाळीस जणींनी, चालीवर, दोनदा म्हटली.

मास्तरांनी माइक पुन्हा वर धरला आणि ठमाबाईंच्या ओठांकडे बघितलं.